यंत्राची आरती

ज्याने हलाहल कंठात धरून ठेवले आणि जगाचा श्वास मोकळा राखला, त्या नीलकंठाला प्रथम वंदन. आज कार्तिकातला सोमवार. मुरुडजवळच्या आमच्या गावी महादेवाची पूजा पाहून मी नुकताच लातूरला परतलो आहे आणि तळहाताला अजून कापराचा वास आहे. तो विरण्याआधी एक आठवण लिहून ठेवावी असे वाटले. आठवण वासाचीच आहे, आणि त्या वासाआड लपलेल्या, नाकाला न कळणाऱ्या एका द्रव्याची.

त्या महादेवाची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. आम्ही दोघे भाऊ. मी लातूरच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवले. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, गावीच राहिला आणि पूजा त्याने सांभाळली. गाभाऱ्याची लोखंडी किल्ली त्याच्या जानव्याला बांधलेली असते. वहिनी गेल्यापासून त्याला देवळाबाहेर संसार उरलेला नाही. लातूरला माझ्याकडे आला, तरी चहा घेता घेता परतीची एसटी किती वाजता आहे हे विचारतो.

पिंडीवर पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक होऊन दगड झिजला होता, बारीक भेगा दिसू लागल्या होत्या. देवस्थानच्या पंचांत एक शिवभक्त व्यापारी आहेत. मुरुडला त्यांचे किराण्याचे दुकान आहे आणि सारा परिसर त्यांना अप्पा म्हणतो. त्यांनी गेल्या महाशिवरात्रीनंतर स्वखर्चाने पिंडीला वज्रलेप करवून घेतला. पूर्वी हा लेप बेलफळाचा गर, राळ, डिंक असे जिन्नस शिजवून करीत. आता तो दोन डब्यांतून येतो. कारागीर त्यांतले द्रव मिसळतो, फार घट्ट वाटले तर त्यात थिनर ओततो. काम देखणे झाले. पिंडी जणू नुकतीच घडवल्यासारखी दिसू लागली.

लेप लावून झाला आणि भांड्यात थोडा उरला. कारागीर तो देवळामागे ओतून द्यायला निघाला, तेव्हा दादाने त्याला अडवले. ज्या भांड्यातून देवाच्या अंगाला लागले, त्यातले शेष उकिरड्यावर कसे टाकायचे? नदीत सोडायलाही त्याचे मन घेईना. मग त्यानेच मार्ग काढला. गाभाऱ्यात तो ज्या पाटावर बसतो, त्याच्या पाठीमागे एक खोल कोनाडा आहे; घंटा, पळी-पंचपात्र, पोथी तिथे ठेवतात. त्या कोनाड्याला आतून लेपाचे हातावर हात, थरावर थर, देऊन कारागिराने भांडे रिकामे केले. देवाचे देवापाशीच राहिले. आम्हा सर्वांना हे योग्यच वाटले, मलाही. त्याच सुमारास नव्या पिंडीवर पारव्यांची घाण पडू नये म्हणून वरच्या झरोक्याला काच बसवली गेली. काही दिवस गाभाऱ्यात लेपाचा उग्र दर्प होता. पुढे तो गेला, किंवा आमची नाके त्याला सरावली.

होळी सरली आणि दादाची तक्रार सुरू झाली. गाभाऱ्यात बसले की डोळे चुरचुरत, डोके जड होई, रुद्राच्या मध्यावर श्वास अपुरा पडे. लातूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. त्यात विशेष काही दिसले नाही. धुरापासून दूर राहा, असे त्यांनी सांगितले. दादा म्हणाला, सगळा जन्म धुरात गेला. तो आत्ताच कसा परका झाला? मी त्याला आग्रहाने लातूरला ठेवून घेतले. काही दिवसांत तो जिने चढू लागला, पहाटे मोठ्याने स्तोत्रे म्हणू लागला. बरा झाला म्हणून गावी पोहोचवून आलो, तर आठवडा जायच्या आत पुन्हा तेच.

असे दोनदा झाले, तेव्हा त्याने त्यातून आपला एक अर्थ काढला. देवळाच्या ओवरीत आम्ही बसलो होतो. तो सावकाश म्हणाला,

"देवापासून लांब गेलो की श्वास येतो, जवळ आलो की जातो. ह्याचा काय अर्थ लावायचा, तूच सांग. तू शिकलेला."

मी आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यांचे अर्थ लावून दाखवले. हे वाक्य इतके सरळ होते की त्यात शिरायला वाट नव्हती. आपल्या पूजेत काहीतरी अशुद्ध झाले आहे आणि देव आपल्याला हळूहळू दाराबाहेर काढत आहे, अशी त्याची खात्री झाली होती. श्रावण लागण्याआधी किल्ली पंचांच्या हाती द्यायची आणि लातूरहून पगारी पुजारी आणायला सांगायचे, हे त्याने ठरवून टाकले. एसटीची वेळ सांगावी तशा स्वरात तो हे बोलला. बोलताना त्याची मूठ किल्लीवर आवळलेली होती.

माझी मुलगी नांदेडला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेली द्रव्ये शोधणे हे तिचे काम. अक्षय्य तृतीयेला ती गावी आली, तेव्हा दादाने तिलाही तेच सांगितले. तिने त्या वाक्याचा अर्थ लावला नाही. दूर गेले की बरे, जवळ आले की त्रास, एवढेच तिने ऐकले.

"मग हवाच बघू या की, मोठे काका."

मला हसू आले. न्यायशास्त्र शिकवताना मी अनेकदा सांगितले होते की वाऱ्याला स्वतःचा गंध नसतो. गंध हा पृथ्वीचा गुण. वाऱ्यात सुवास वा दुर्गंध जाणवला, तर तो पृथ्वीच्या सूक्ष्म कणांचा, वारा केवळ वाहून आणणारा. मी हे बोलून दाखवले, तर मुलगी म्हणाली, "आम्हीही तेच शिकवतो, बाबा. गाडी वाऱ्याची, माल दुसऱ्याचा."

तिची अडचण अशी होती, की हा माल फार थोडा असतो. गाभाऱ्यातली चिमूटभर हवा यंत्राला दिली, तर त्यातले द्रव्य त्याला दिसणारच नाही. म्हणून आधी ते साठवावे लागते. तिने पिशवीतून पोलादाची एक बारीक नळी काढली. करंगळीपेक्षाही सडपातळ, दोन्ही टोकांना पितळी टोपणे. आत बारीक दाणे भरलेले होते. एक छोटा पंप तासन्‌तास संथपणे या नळीतून हवा ओढत राहतो. हवा पार निघून जाते, तिच्याबरोबर आलेली द्रव्ये दाण्यांना चिकटून राहतात. पुढे प्रयोगशाळेत नळी तापवली की ती सुटतात.

दादाला हे पटकन समजावे म्हणून मी म्हणालो, "पूर्वी मोगऱ्याच्या फुलांच्या थरात तीळ ठेवीत आणि मग ते घाण्यावर गाळून सुवासिक तेल काढीत ना, तसेच." दादाने मान हलवली. मग त्याने दोन प्रश्न विचारले. पंपाचा पट्टा चामड्याचा तर नाही? तो नायलॉनचा निघाला, तेव्हा गाभाऱ्यात न्यायला हरकत उरली नाही. मग दुसरा प्रश्न आला.

"म्हणजे वारा पुढं सोडायचा आणि विष तेवढं आपल्यात धरून ठेवायचं?"

"विष असेल तर विष, सुवास असेल तर सुवास," ती म्हणाली. "धरून ठेवणं एवढंच तिला येतं."

दादा पिंडीकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात काय होते हे आम्हाला नंतर कळले.

ती नळी दाखवण्यापुरती होती. ज्येष्ठात तपासणीची कोरी नळी घेऊन मुलगी पुन्हा आली आणि पहाटे पाटाजवळ, दादाच्या नाकाच्या उंचीला येईल अशी नळी टांगून पंप सुरू केला. हा चालू आहे तोवर देवापुढे कापूर, धूप लावू नका, आरती दुपारी करा, असे तिने बजावले आणि दादाने कबूलही केले. दुपारी नळी काढून, टोपणे लावून ती नांदेडला गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"बाबा, गाभाऱ्यात कापूर आहे."

"ते मलाही ठाऊक आहे."

"तसं नव्हे. नुसता कापूरच आहे. आलेखावर कापराचा डोंगर आलाय, त्याच्याखाली बाकीचं काही दिसत नाही. मोठे काकांना विचारा."

मी गावी जाऊन विचारले. दादाने काहीही लपवले नाही. उलट त्याला थोडा अभिमानच होता. मुलगी अंघोळीला गेली तेवढ्यात त्याने यंत्राला हळद-कुंकू लावले, पांढरे फूल वाहिले आणि कापूर लावून ओवाळले. देवापुढे लावू नका, असे तिने सांगितले होते; देवापुढे त्याने लावला नव्हता.

"जगाचं विष धरून ठेवणारा मला एकच ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्याच्या कामाची वस्तू त्याच्या घरी आली. तिला ओवाळल्याशिवाय कशी बसवू?"

नवा ट्रॅक्टर आणला तरी आमच्याकडे आधी त्याची पूजा होते. इथे तर खुद्द नीलकंठाचे काम करणारी नळी होती. प्रयोगशाळेत मात्र मुलीचे हाल झाले. कापूर नळीत राहिला, यंत्रातही राहिला. पुढे तपासायला घेतलेल्या निराळ्या गावच्या हवेतही तो डोकावू लागला. सहकारी तिला विचारीत, आज आरती किती वाजता? नळ्या पुन्हा पुन्हा तापवून, स्वच्छ वायू खेळवून त्या कोऱ्या कराव्या लागल्या. ती हे फोनवर वैतागून सांगत होती आणि मला एक जुना शब्द आठवत होता. पेटीतले केवड्याचे पान काढून टाकले, तरी वस्त्राला केवड्याचा वास राहतो. कर्म संपल्यावर चित्तात मागे राहणाऱ्या अशाच संस्काराला आपल्या शास्त्रात वासना म्हणतात. वासना शिल्लक असलेले चित्त समोरची वस्तू आहे तशी पाहू शकत नाही. जुने काहीतरी त्यात मिसळते. मी हा विषय वर्षानुवर्षे शिकवला. पण चित्त आधी तापवून कोरे करायचे म्हणजे किती कटकटीचे काम असते, हे मला त्या फोनवर उमगले.

आषाढ लागला. श्रावण तोंडावर आला होता आणि दादाने पंचांना निरोपही पाठवला होता. या वेळी मुलीने मागणी वाढवली. आदल्या दिवसापासून गाभाऱ्यात कापूर, धूप, उदबत्ती काहीच नको. समईसुद्धा सभामंडपात ठेवायची. सांगताना तिचा आवाज खाली गेला होता, कारण उपचारांवाचून पूजा दादाने कधी केलीच नव्हती. ऐकून तो उठला, पायरीवर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने परत आला आणि तिला विचारले,

"हातानं नको म्हणतेस. मनानं चालेल?"

"मनातला कापूर यंत्राला दिसत नाही, मोठे काका," ती म्हणाली.

त्या सकाळी त्याने मानसपूजा केली. पाण्यावाचून अभिषेक, फुलांवाचून पुष्पांजली, ज्योतीवाचून आरती. मी दाराशी बसलो होतो. काळोखात त्याचे रिकामे हात हळूहळू वर्तुळ काढत होते आणि मध्येच थांबत होते, श्वासासाठी. बाहेर आला तेव्हा म्हणाला, हाताची आरती कापूर विझला की संपते, मनाची कुठे संपवायची ते कळत नाही.

या खेपेस एक नळी पाटाजवळ होती, एक पिंडीपाशी, एक सभामंडपात. चौथी मुलीने आणली, इतरांबरोबर ठेवली, पण तिचे टोपण उघडलेच नाही. दादाने विचारले, हिचे काम काय? ती म्हणाली, काही नाही. हिने फक्त बरोबर यायचे. प्रवासात, हाताळणीत काही बाहेरचे शिरले असेल तर ते हिच्यात दिसेल, आणि हिच्यात काही नसेल तर इतरांचे म्हणणे खरे धरायचे. मी तिला साक्षी नळी म्हणू लागलो. स्वतः काही न घेता सोबत असणारा आणि इतरांचे खरे-खोटे उजेडात आणणारा, त्यालाच आपण साक्षी म्हणतो. आता मुलीच्या प्रयोगशाळेतही हेच नाव रुळले आहे.

त्या वेळी मी तिच्याबरोबर नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा अशी वाट. नळ्यांची डबी तिने एसटीत वरच्या फळीवर ठेवली नाही, मांडीवर धरली. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "काय हाय त्यात, बाई? लई जपून धरून राहिल्या." ती म्हणाली, हवा आहे. तो हसला. कुठली, म्हणून विचारले. महादेवाच्या गाभाऱ्यातली, असे ऐकल्यावर त्याचे हसू थांबले आणि त्याने डबीला हात जोडले.

प्रयोगशाळेत मला एका बाजूला बसवून तिने काम सुरू केले. तापवलेल्या नळीतून शुद्ध वायूचा प्रवाह जातो आणि सुटलेली द्रव्ये घेऊन एका अतिशीत, केसासारख्या अरुंद जागी त्यांना गोठवून ठेवतो. मग ती जागा एकदम तापवतात आणि तासन्‌तास गोळा केलेले सारे एका क्षणात यंत्रात शिरते. जे विखुरलेले असताना दिसत नव्हते, ते एकत्र आल्यामुळे दिसते. पडद्यावर रेघ सरकू लागली. मी मनात पंचाक्षरी म्हणत होतो. यंत्राला दिसणार नाही याची खात्री करून घेतली होती.

साक्षी नळीची रेघ सपाट गेली. सभामंडपाच्या रेघेवर लहान उंचवटे होते. पिंडीपाशीच्या नळीत ते थोडे वर आले. मग पाटाजवळची नळी लागली आणि तेच उंचवटे सुळक्यांसारखे उभे राहिले. रंग पातळ करायच्या थिनरमधली द्रव्ये ती, आणि लेप घट्ट करणाऱ्या डब्यातले आणखी एक, असे तिने ओळखून सांगितले. मग माझ्याकडे वळली.

"पिंडीपाशी फारसं नाही, बाबा. मोठे काका बसतात तिथं सगळ्यात जास्त. त्यांच्या पाठीमागं काय आहे?"

मी डोळे मिटले, तर रिकामे होत असलेले ते भांडे दिसले. थिनरने सैल झालेला लेप, थरावर थर. वर काच लावलेला झरोका. आणि ते जे काही सोडत होते त्याकडे पाठ करून बसलेला माझा भाऊ.

मुलीने मला बजावले, की यंत्राने हवेत काय आहे एवढेच सांगितले. त्रास त्यानेच झाला का, हे डॉक्टर सांगतील. डॉक्टरांनी आलेख पाहून त्याच बाजूने मान हलवली आणि झरोका उघडेपर्यंत, कोनाडा साफ होईपर्यंत आत बसायचे नाही असे सांगितले. आम्ही गावी गेलो, तेव्हा किल्ली घ्यायला आलेले अप्पा ओवरीत होतेच. लेपाचे नाव निघताच ते ताठ झाले.

"महाराज, लेपाला दोष देऊन राहिलात का? लोक लांबून बघायला येतात. लई झळाळी हाय."

मुलीने त्यांना पिंडीपाशीची रेघ दाखवली, मग पाटाजवळची. अप्पांनी चष्मा सावरून दोन्ही निरखल्या. "म्हंजे माझा लेप सुटला," ते म्हणाले, "अन् महाराजांचा सापडला." दादाही हसला. पण लगेच गंभीर झाला. पाप कुठले, चूक कुठली, हे तो मनात तोलत होता, असे मला वाटले. देवाचे शेष टाकवले नाही म्हणून ते पाठीशी घेऊन बसला; त्यात अश्रद्धा कुठेच नव्हती.

"म्हणजे त्यानं मला ढकललं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, "मी श्वास घ्यायला लातूरला पळालो. माझा श्वास इथंच अडला होता रे, बंद झरोक्यात."

अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. किल्लीचा विषय कोणी काढला नाही. दादा उठला, गाभारा उघडला आणि झरोक्याची काच आधी काढा, म्हणून सांगितले. पाथरवटाने मुरुडहून येऊन कोनाडा दगड लागेपर्यंत खरवडला. खाली चकचकीत खपल्यांचा ढीग पडला आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: हे टाकायचे कुठे? मुलीने घट्ट झाकणाचा डबा पुढे केला. अशा द्रव्यांची विल्हेवाट लावायची तिच्या प्रयोगशाळेत वेगळी रीत आहे, ती मी नेते, असे म्हणाली. "उकिरड्यावर नाही ना?" त्याने विचारले. नाही, असे ऐकल्यावर त्याने खपल्या भरलेला डबा दोन्ही हातांनी तिच्या हाती दिला. नदीला विसर्जनाला मूर्ती देताना धरतात, तसे त्याचे हात होते.

श्रावणात त्याने पूजा केली. त्याआधी घेतलेल्या नळीत सुळके बसून लहान टेकड्या उरल्या होत्या. त्याचा श्वास पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही. रुद्रात दोन ठिकाणी तो थांबतो आणि आम्ही थांबतो. पारवे झरोक्यात परत आले आहेत. त्यांच्यासाठी आता बारीक जाळी बसवली आहे, वारा मात्र येतो.

आज सकाळीही मी दाराशी बसलो होतो. दादाने आधी रिकाम्या हातांनी ओवाळले, मग कापराची एकच वडी लावली. आषाढातल्या त्या मानसपूजेपासून हा त्याचा नेम झाला आहे. ज्योत झरोक्याकडे झुकली, धूर वर गेला आणि वाऱ्याबरोबर बाहेर पडला. आरतीचे तबक माझ्यापुढे आले तेव्हा मी तळहात ज्योतीवर धरला. तोच वास अजून हाताला आहे.

वाचणाऱ्या, तुझ्या घराचा झरोका उघडा राहो. तुझ्या वडीलधाऱ्यांचा श्वास संथ आणि पुरेसा असो, मुलाबाळांच्या फुप्फुसांत निर्मळ वारा खेळो, आणि जे धरून ठेवायचे ते तो नीलकंठ आपल्या कंठात धरून ठेवो. तुझ्या देवघरातला कापूर हातात असो वा मनात, त्याची ज्योत शांत तेवो.